एल-थ्री स्विचवर बीजीपी: दोन आयएसपी, एक /२४, आणि शेजाऱ्याआधी फिल्टर

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत ऑफिस, दोन आयएसपींच्या लाइन, कोअरला (मध्यभागी) सिस्कोचा कॅटॅलिस्ट ९३०० हा एल-थ्री, म्हणजे राउटिंगही करणारा, स्विच, त्यामागे फायरवॉल. आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेटचे पत्ते वाटणारी नोंदणी संस्था) स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) आणि आयपीव्ही४ चा एक /२४ ब्लॉक (२५६ पत्ते) नुकताच मिळाला आहे. वेगळ्या राउटरला बजेट नाही. तर स्विचवरच बीजीपी (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) चालेल का, फुल टेबल (इंटरनेटवरच्या सगळ्या रूटची यादी) घ्यावं का, आणि एक लाइन गेली की सगळं आपोआप दुसरीवर जावं यासाठी नेमकं काय लिहायचं?

चालेल, आणि अशा ठिकाणी ते चांगलं चालतं. फुल टेबल मात्र घेऊ नका; दोघांकडून फक्त डिफॉल्ट रूट (‘बाकी सगळं इकडे पाठव’ एवढा एकच रस्ता) घ्या. आणि एक क्रम पाळा: शेजारी (म्हणजे आयएसपीचा समोरचा राउटर) जोडायच्या आधी फिल्टर लिहून तयार हवेत. बीजीपी हा १९८९ च्या सुमारास, एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या मंडळींसाठी जन्मलेला प्रोटोकॉल आहे. शेजारी जे सांगेल ते तो खरं मानतो आणि तुम्ही अडवलं नाही तर तेच पुढच्याला सांगतो. सेशन उभं करायला चार ओळी पुरतात. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सांगायचं, यातच सगळं काम आहे.

आधी स्विचच्या पोटाचं बघू. बीजीपी प्रोसेस स्विचच्या साध्या मेमरीत चालते, तिथे जागा बरी असते. पण पॅकेट पुढे ढकलण्यासाठी रूट हार्डवेअरच्या टेबलात, म्हणजे टीकॅम नावाच्या वेगवान मेमरीत वगैरे, उतरावा लागतो आणि ती जागा मोजकी. साध्या ९३०० च्या डेटाशीटवर आयपीव्ही४ साठी ३२ हजार रूट असा आकडा दिसतो, पण त्यातले २४ हजार थेट जोडलेल्या यंत्रांच्या पत्त्यांसाठी आहेत. शिकलेल्या रूटसाठी उरतात ८ हजार. इंटरनेटचं आयपीव्ही४ फुल टेबल आता दहा लाखांच्या घरात आहे. जागा संपली की बीजीपीच्या टेबलात रूट व्यवस्थित दिसतो, हार्डवेअरमध्ये मात्र उतरलेला नसतो, आणि मग काही साइट उघडतात, काही नाही, असा भुताटकीसारखा प्रकार सुरू होतो. १२ ऑगस्ट २०१४ ला जगभर हेच झालं होतं. टेबलाने ५ लाख १२ हजारांचा टप्पा ओलांडला आणि तेवढ्याच जागेच्या डिफॉल्ट सेटिंगवर चाललेली जुनी मोठमोठी यंत्रं गडबडली. तुमच्या स्विचवर सध्या किती जागा भरली आहे ते ‘शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर फेड स्विच अ‍ॅक्टिव्ह एफडब्ल्यूडी-एसिक रिसोर्स टीकॅम युटिलायझेशन’ या लांबलचक कमांडने दिसेल.

लायसन्सही आधीच तपासा. ९३०० वर बीजीपीला नेटवर्क अ‍ॅडव्हांटेज लागतं, इसेन्शियल्सवर ते नाही. पुष्कळ ठिकाणी स्विच इसेन्शियल्सवर घेतलेला असतो आणि ते आयत्या वेळी, रात्री अकराच्या मेंटेनन्स विंडोत लक्षात येतं.

कागदोपत्री कामाला कॉन्फिगपेक्षा जास्त वेळ जातो. दोन्ही आयएसपींना एलओए (तुमचा ब्लॉक जाहीर करायला परवानगी देणारं पत्र) द्या आणि तुमचा /२४ त्यांच्या इनबाउंड फिल्टरमध्ये उघडायला सांगा; एवढंच नाही, त्यांच्या वरच्या अपस्ट्रीमकडेही (ते स्वतः ज्याच्याकडून इंटरनेट घेतात त्याच्याकडे) तो उघडला आहे का ते लेखी विचारा. आयआरआयएनएनकडे तुमच्या ब्लॉकचा आरओए (हा ब्लॉक कोणत्या एएसने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद) करून घ्या: ओरिजिन तुमचा एएस, जास्तीत जास्त लांबी २४. हल्ली मोठे नेटवर्क आरपीकेआय, म्हणजे अशा सही केलेल्या नोंदींची व्यवस्था, तपासतात. आरओए नसला तर सहसा निभावतं, पण चुकीच्या एएस नंबरचा आरओए असला तर तुमचा रूट सरळ फेकला जातो. ब्लॉक पूर्वी दुसऱ्या कोणाच्या नावावर जाहीर होत असेल तर हे आवर्जून बघा.

आणि दोन्ही लाइन इमारतीत कुठून येतात ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. मुंबईत दोन आयएसपी म्हणजे दोन रस्ते असं धरून चालू नका. पावसाळा तोंडावर आला की खोदकाम उरकायची घाई होते. त्यात एकाच डक्टमधून आलेल्या दोन केबल एकाच जेसीबीने तुटतात आणि तुमचं बीजीपी कितीही सुंदर असलं तरी हात चोळत बसावं लागतं. एक लाइन जमिनीखालून आणि दुसरी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आली तरी मी खूश असतो. सेल्सवाल्याला विचारू नका, तो ‘शंभर टक्के वेगळा रूट आहे’ असंच म्हणणार. जोडणी करायला आलेल्या फायबरवाल्याला विचारा, तो गटाराच्या झाकणापर्यंत नेऊन दाखवतो.

आता स्विचकडे. तुमच्या कोअर स्विचवर ऑफिसचे सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) आहेत आणि त्यांचं राउटिंगही तिथेच होतं. त्याच राउटिंग टेबलात आयएसपीकडून डिफॉल्ट रूट आला, तर अकाउंट्सच्या व्हीलॅनमधून निघालेलं पॅकेट फायरवॉलला वळसा घालून थेट आयएसपीच्या पोर्टातून बाहेर पडू शकतं, आणि बाहेरचं आत येऊ शकतं. म्हणून इंटरनेटकडची बाजू वेगळ्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे त्याच यंत्रातल्या स्वतंत्र राउटिंग टेबलात, ठेवा. तो व्हीआरएफ फायरवॉलच्या बाहेरच्या पायाला जोडायचा, ऑफिसचे व्हीलॅन आतल्या पायाला. यंत्र एकच, टेबलं दोन. बजेट असतं तर मी बाहेरच्या बाजूला दोन छोटे वेगळे स्विच ठेवले असते, पण व्हीआरएफनेही काम नीट भागतं.

खालच्या उदाहरणात पत्ते आणि एएस नंबर दस्तऐवजांसाठी राखीव असलेल्यांतले आहेत: तुमचा एएस ६४५००, ब्लॉक १९२.०.२.०/२४, पहिला आयएसपी एएस ६४४९६, दुसरा ६४४९७. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप करताना अर्थात नेहमीच्या लिपीत.

व्हीआरएफ डेफिनिशन नेट
– आरडी ६४५००:१
– अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४

इंटरफेस टेनगिग १/१/१
– नो स्विचपोर्ट
– व्हीआरएफ फॉरवर्डिंग नेट
– आयपी अ‍ॅड्रेस १९८.५१.१००.२ २५५.२५५.२५५.२५२
– नो सीडीपी इनेबल

आयपी रूट व्हीआरएफ नेट १९२.०.२.० २५५.२५५.२५५.० नल०

दुसऱ्या आयएसपीच्या पोर्टला असंच, पत्ता २०३.०.११३.२. ‘व्हीआरएफ फॉरवर्डिंग’ ही ओळ पत्त्याच्या आधीच द्या. पत्ता असलेल्या इंटरफेसवर ती दिली तर स्विच पत्ता पुसून टाकतो. दूर बसून चालू लाइनवर हे करायला गेलात तर स्वतःच बाहेर फेकले जाल.

नल० कडे (आलेलं पॅकेट टाकून देणारा काल्पनिक पोर्ट) जाणारा रूट बघून नवखे गोंधळतात. बीजीपीची ‘नेटवर्क’ ओळ तेव्हाच काम करते, जेव्हा राउटिंग टेबलात अगदी त्याच लांबीचा रूट असतो. तुम्ही /२४ चे तुकडे करून फायरवॉलकडे /२६, /२७ पाठवले असतील, तर टेबलात /२४ नावाचं काही नसतंच आणि जाहिरात बाहेर जात नाही. नल० तो /२४ कायम उभा ठेवतो. दुसरा फायदा असा की न वापरलेल्या पत्त्यावर बाहेरून आलेलं पॅकेट तिथेच संपतं. नल० नसेल तर स्विच ते डिफॉल्टवरून परत आयएसपीला देतो, आयएसपी पुन्हा तुम्हाला, आणि टीटीएल (पॅकेटने आणखी किती टप्पे जायचं तो आकडा) संपेपर्यंत चेंडू इकडून तिकडे जात राहतो. कोणी तुमच्या रिकाम्या पत्त्यांवर स्कॅन लावला तर लाइन याच फेऱ्यांनी भरते.

आता फिल्टर. प्रीफिक्स-लिस्ट म्हणजे ब्लॉकांची यादी, रूट-मॅप म्हणजे ती यादी बघून काय करायचं त्याचा नियम. लोकल-प्रेफरन्स ज्याचा मोठा तो रस्ता आधी निवडला जातो, आणि प्रीपेंड म्हणजे आपला एएस नंबर पुन्हा पुन्हा लिहून रस्ता लांब दाखवणं.

आयपी प्रीफिक्स-लिस्ट आमचे परमिट १९२.०.२.०/२४
आयपी प्रीफिक्स-लिस्ट फक्त-डिफॉल्ट परमिट ०.०.०.०/०

रूट-मॅप ए-आत परमिट १०
– मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट फक्त-डिफॉल्ट
– सेट लोकल-प्रेफरन्स २००

रूट-मॅप ए-बाहेर परमिट १०
– मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट आमचे

रूट-मॅप बी-आत परमिट १०
– मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट फक्त-डिफॉल्ट

रूट-मॅप बी-बाहेर परमिट १०
– मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट आमचे
– सेट एएस-पाथ प्रीपेंड ६४५०० ६४५००

रूट-मॅपच्या शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच, त्यामुळे एवढं पुरे. ‘बाहेर’वाले दोन रूट-मॅप ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. ते नसतील तर पहिल्या आयएसपीकडून आलेले रूट तुमचा स्विच इमानेइतबारे दुसऱ्याला सांगतो आणि दोन मोठ्या नेटवर्कमधली वाहतूक अंधेरीतल्या तुमच्या रॅकमधून जाऊ पाहते. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांपैकी एक) सांगितलं की पॉलिसी लिहिलेली नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याकडून काही घेऊ नये, त्याला काही देऊ नये. सिस्कोचं आयओएस एक्सआर तसंच वागतं, पण तुमच्या स्विचवरचं आयओएस एक्सई फिल्टर नसला की सगळं देतं, सगळं घेतं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला घातलेला एक /२४ त्यांच्या अपस्ट्रीमने न अडवता जगाला सांगितला. यूट्यूबचा स्वतःचा रूट /२२ होता, त्याहून बारीक रूट जिंकतो, आणि सुमारे दोन तास जगाचं यूट्यूब तिकडे वळलं. तुमच्या वरचा आयएसपी फिल्टर लावत असेलही. त्याच्या भरवशावर राहू नका.

मग शेजारी:

राउटर बीजीपी ६४५००
– बीजीपी लॉग-नेबर-चेंजेस
– अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ व्हीआरएफ नेट
– नेटवर्क १९२.०.२.० मास्क २५५.२५५.२५५.०
– नेबर १९८.५१.१००.१ रिमोट-एएस ६४४९६
– नेबर १९८.५१.१००.१ शटडाउन
– नेबर १९८.५१.१००.१ पासवर्ड (आयएसपीशी ठरलेला)
– नेबर १९८.५१.१००.१ टाइमर्स १० ३०
– नेबर १९८.५१.१००.१ मॅक्सिमम-प्रीफिक्स १००
– नेबर १९८.५१.१००.१ रूट-मॅप ए-आत इन
– नेबर १९८.५१.१००.१ रूट-मॅप ए-बाहेर आउट

दुसऱ्या शेजाऱ्याला हेच, ‘बी’चे रूट-मॅप लावून. ‘रिमोट-एएस’नंतर लगेच ‘शटडाउन’ आहे ते मुद्दाम. पेस्ट करताना रूट-मॅपच्या ओळी पोचायच्या आत सेशन उभं राहू नये, म्हणून. सगळं लिहून, वाचून झालं की ‘नो शटडाउन’.

सेशन आलं की ‘शो आयपी बीजीपी व्हीपीएनव्ही४ व्हीआरएफ नेट समरी’ बघा. शेवटच्या रकान्यात आकडा दिसला म्हणजे जुळलं; तुमच्या बाबतीत तो १ हवा. तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं तर आनंद मानू नका, त्याचा अर्थ स्विच अजून टीसीपी जोडायचा प्रयत्नच करतो आहे. आधी व्हीआरएफमधून पिंग (नुसतं ‘पिंग’ केलंत तर ते दुसऱ्या टेबलातून जातं आणि उगाच घाम फुटतो), मग पोर्ट १७९ कुठे अडलाय का, मग एएस नंबर आणि पासवर्ड. पासवर्ड चुकला की लॉगमध्ये एमडी५ ची तक्रार दिसते. नंतर ‘नेबर्स … अ‍ॅडव्हर्टाइज्ड-रूट्स’ काढा. दोन्हीकडे एकच ओळ, तुमचा /२४. दुसरी एकही ओळ दिसली तर सेशन बंद करून रूट-मॅप तपासा. बाहेरून खात्री करायला रिपस्टॅटवर (जगात रूट कसे दिसतात ते दाखवणारी वेबसाइट) तुमचा ब्लॉक टाका, दोन्ही आयएसपींमधून दिसायला हवा.

एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ जरा खोलात सांगतो, कारण तो स्विचवर जास्त भेटतो. एका ग्राहकाकडे सेशन महिनोन्महिने शांत होतं. मग त्यांनी आयएसपीकडून डिफॉल्टसोबत त्याच्या स्वतःच्या ग्राहकांचेही रूट मागवले, आणि त्या रात्रीपासून सेशन उभं राही, होल्ड टाइमभर (शेजाऱ्याकडून काही ऐकू न येता वाट बघायचा वेळ) जगे, पडे, परत उभं राही. लॉगमध्ये ‘होल्ड टाइम एक्स्पायर्ड’. पिंग मात्र झकास, एकही ड्रॉप नाही. स्विचवर सिस्टिमचा एमटीयू ९ हजारांच्या पुढे नेलेला होता, आयएसपीची बाजूही जम्बोवर होती, आणि मधल्या एका डब्यातून १५०० च्या वरची फ्रेम जातच नव्हती. ओपन (सेशन सुरू करणारा) आणि कीपअलाइव्ह (‘मी जिवंत आहे’ सांगणारा) हे निरोप छोटे, ते जात. एकटा डिफॉल्टही छोटा. हजारो रूटचा अपडेट मोठ्या पॅकेटमध्ये निघाला की अडके. टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवी, त्याच्यामागे कीपअलाइव्ह रांगेत खोळंबत आणि आपल्या बाजूचा टाइमर संपे. पिंग करताना ‘साइझ १५०० डीएफ-बिट’ आणि मग त्याहून मोठा आकार देऊन बघा, एका मिनिटात छडा लागतो. आयएसपीच्या पोर्टवर आयपी एमटीयू १५०० ठेवा.

टाइमरचं कारणही अशाच डब्यांत आहे. सिस्कोचे मूळचे टाइमर कीपअलाइव्हला ६० आणि होल्ड टाइमला १८० सेकंद. आयएसपीचा मीडिया कन्व्हर्टर (बाहेरून आलेलं फायबर स्विचला जोडणारा डबा) तुमच्या रॅकमध्ये असतो. रस्त्यावर फायबर तुटलं तरी कन्व्हर्टर ते स्विच हा मीटरभराचा तुकडा जिवंतच, पोर्ट हिरवा. म्हणजे तीन मिनिटं बाहेर जाणारं सगळं काळ्या विहिरीत. १० आणि ३० ने ते अर्ध्या मिनिटावर येतं. दोन्ही बाजूंतला लहान होल्ड टाइम लागू होतो, त्यामुळे आयएसपीला फार विनवण्या कराव्या लागत नाहीत. तो बीएफडी (लाइन तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) द्यायला तयार असेल तर उत्तम, ३०० मिलिसेकंद गुणिले ३.

डिफॉल्टपुरतं घेण्याची एक दुखरी बाजू आहे. तुमच्यापर्यंतची लाइन ठीक, सेशन ठीक, पण आयएसपीचाच वरचा संबंध तुटला, तर तो तुम्हाला डिफॉल्ट देतच राहू शकतो. त्याला विचारा: डिफॉल्ट आंधळेपणाने देता, की वरून आलेला पुढे देता? आंधळेपणाने देत असेल तर त्याच्याकडून बाहेरच्या जगातले दोन-तीन ठरलेले, कायम जिवंत असणारे ब्लॉक मागून घ्या, तेवढेच फिल्टरमधून आत येऊ द्या, आणि व्हीआरएफमध्ये डिफॉल्ट स्टॅटिक रूट त्या ब्लॉकमधल्या पत्त्यांकडे दाखवा. मग बीजीपीचा डिफॉल्ट घ्यायचा नाही. एका आयएसपीकडचा ब्लॉक गायब झाला की तोच ब्लॉक दुसऱ्याकडून निवडला जातो आणि डिफॉल्ट त्याच्यामागे जातो.

आता येणारी वाहतूक. लोकल-प्रेफरन्स २०० दिल्याने जाणारं सगळं पहिल्या आयएसपीतून जाईल, ते तुमच्या हातात आहे. येणाऱ्याचं तसं नाही. एअरपोर्टवरून निघालेल्या पाहुण्याला तुम्ही सहार रोडने या म्हणून सांगू शकता, वळणार कुठे ते त्याचा टॅक्सीवाला ठरवतो. प्रीपेंडने दुसरा रस्ता लांब दिसतो, बहुतेक जग पहिल्याने येतं. पण दुसऱ्या आयएसपीचे स्वतःचे ग्राहक प्रीपेंडला जुमानत नाहीत, कारण प्रत्येक आयएसपी आपल्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला जास्त लोकल-प्रेफरन्स देतो. पहाटे सगळं बंद असताना दुसऱ्या लाइनवर थोडी वाहतूक दिसली तर घाबरू नका. ती हलवायचीच असेल तर दुसऱ्या आयएसपीची कम्युनिटींची (रूटला लावायच्या खुणांची) यादी मागा, त्यांनी त्याच्या घरचा लोकल-प्रेफरन्स खाली आणता येतो. /२४ चे दोन /२५ करून दोन्हीकडे वाटण्याचा विचार सोडा; /२४ हून बारीक रूट इंटरनेटवर जवळपास कोणी घेत नाही. आणि जाणं एका लाइनने, येणं दुसरीने असं होणारच, म्हणून आयएसपीच्या पोर्टांवर स्ट्रिक्ट यूआरपीएफ (परतीचा रस्ता त्याच पोर्टातून नसेल तर आलेलं पॅकेट टाकून देणारी तपासणी) लावू नका. दोन्ही लाइन एकाच स्विचवर आणि फायरवॉल एकच असल्यामुळे फायरवॉलला याने फरक पडत नाही.

नॅट (आतले पत्ते बाहेर जाताना बदलणं) मात्र फायरवॉलवर तुमच्या स्वतःच्या /२४ मधूनच करा. जुन्या सवयीने आयएसपीच्या पत्त्यावर नॅट ठेवलं असेल, तर लाइन बदलली की प्रत्येक सेशन तुटेल आणि एवढा खटाटोप वाया. व्हीपीएनचा पत्ता, मेलचा, डीएनएसमधल्या नोंदी, बँका आणि ग्राहकांकडे व्हाइटलिस्ट करून ठेवलेले पत्ते, सगळं नव्या ब्लॉकवर आणावं लागेल. बँकेकडची व्हाइटलिस्ट बदलायला लागणारा वेळ बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त असतो, ती आजच सुरू करा.

स्विच आता थेट इंटरनेटवर उघडा आहे हेही ध्यानात असू द्या. वेब सर्व्हर बंद, एसएसएच आणि एसएनएमपी फक्त आतल्या मॅनेजमेंट नेटवर्कमधून, पोर्ट १७९ फक्त त्या दोन शेजाऱ्यांना. दोन्ही आयएसपी तयार असतील तर ‘टीटीएल-सिक्युरिटी हॉप्स १’ लावा. लांबून कोणी बनावट पॅकेट मारलं तर ते आपोआप बाद होतं.

चाचणीसाठी शनिवारची रात्र घ्या. काम सुरू करताना ‘रिलोड इन ३०’ देऊन ठेवा आणि कॉन्फिग सेव्ह करू नका. कुठे अडकलात तर स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येईल, जमलं तर ‘रिलोड कॅन्सल’. मोबाइल डेटावरून ऑफिसच्या व्हीपीएनला एक पिंग चालू ठेवा, आतून बाहेर दुसरा. आधी पहिल्या आयएसपीचा शेजारी ‘शटडाउन’ करून बघा; हे सोपं, काही सेकंदांत निभावतं. मग पोर्टाला हात न लावता कन्व्हर्टरच्या पलीकडचं फायबर उपसा. खरी परीक्षा हीच. आतला पिंग अर्ध्या मिनिटात सावरला पाहिजे. मोबाइलवरचा थोडा जास्त वेळ घेईल, कारण बाकीच्या जगाला जुना रूट विसरायला वेळ लागतो. तोच खेळ दुसऱ्या लाइनवर. शिवाय पहिली लाइन परत जोडल्यावर वाहतूक तिच्यावर परतली का, ते बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.

आयपीव्ही६ तुम्ही विचारलं नाहीत, पण आयआरआयएनएनकडून त्याचा ब्लॉक मिळाला असेल तर त्याच व्हीआरएफमध्ये आयपीव्ही६ ची अ‍ॅड्रेस-फॅमिली उघडून वेगळे शेजारी, वेगळे प्रीफिक्स-लिस्ट लिहा; तिथे जगात चालणारी बारीकात बारीक लांबी /४८. आयपीव्ही४ चे फिल्टर त्याला लागू होत नाहीत, आणि हे विसरल्यामुळे एकीकडे कडेकोट बंदोबस्त अन् दुसरीकडे सताड उघडं दार, असे स्विच मी बरेच पाहतो.